ग्वाल्हेरहून पहिल्यांदा नेपाळला निघताना

नेपाळला निघालेला आपला माणूस पहिली चूक घरातच करतो. "परदेश कसला तो! लिपी आपली, देव आपले, व्हिसा लागत नाही," असं म्हणत खिशात आधार कार्ड टाकतो आणि निघतो. मी चार वेळा जाऊन आलोय, त्यातल्या दोन वेळा जीवाजीगंजातली शेजारची मंडळी बरोबर होती. आमची फजिती अनोळखी गोष्टींनी कधीच केली नाही. ओळखीची वाटणारी गोष्ट तिथे बोटभर सरकलेली असते, आणि नेमका तिथेच पाय अडखळतो. निघाल्यापासून परत येईपर्यंत ज्या क्रमाने अडतं, त्याच क्रमाने सांगतो.

कागद

विमानाने जा की रस्त्याने, भारतीय नागरिकाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र पाहिजे. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार चालत नाही. १५ च्या आतली मुलं आणि ६५ च्या वरची मंडळी यांना वय आणि फोटो असलेलं दुसरं सरकारी ओळखपत्र चालतं, त्यात आधार आलं. खरी अडचण १५ ते १८ मधल्या मुलांची. त्यांना मतदार कार्ड मिळत नाही आणि पासपोर्ट काढायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. आमचा सतरा वर्षांचा भाचा दिल्लीच्या विमानतळावर असाच अडकला आणि त्याच्यासोबत त्याचे वडीलही परत ग्वाल्हेरला आले. घरात या वयाचं मूल असेल तर पासपोर्ट आधी काढा, तिकीट मग.

कागद मूळच ठेवा. शिवाय दोन-चार झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझ फोटो बाळगा. सिमकार्ड घेताना आणि डोंगराकडच्या परवान्याला ते लागतात.

वाट

स्वस्त वाट म्हणजे बरौनी मेलने गोरखपूर आणि तिथून बसने किंवा जीपने सुनौली. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. सुनौलीला एक कमान ओलांडली की नेपाळ. भारतीय माणसाच्या कागदावर शिक्का पडत नाही. सायकलरिक्षा, भाजीच्या पिशव्या, शाळेची पोरं, सगळी एकाच गर्दीत इकडून तिकडे जात असतात. भारत-नेपाळच्या १९५० च्या करारापासून ही ये-जा अशीच चालू आहे. पलीकडचं गाव भैरहवा. तिथून लुंबिनी पंचवीसेक किलोमीटर, तेव्हा ते आधीच पाहून घ्या, परतीसाठी ठेवू नका. मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ उभा आहे आणि बुद्ध इथे जन्मला हे त्यावर कोरलेलं आहे. "बुद्ध आमचाच, भारतातला" हे वाक्य नेपाळात उच्चारू नये. बोलणारा सहज बोलून जातो, ऐकणाऱ्याला लागतं.

भैरहव्याहून काठमांडू पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या झाशी रोडच्या हिशेबाने "पाच तासांत पोचू" म्हणाल तर रात्रीच्या जेवणाचा पत्ता राहणार नाही. डोंगरातला रस्ता आहे, अख्खा दिवस धरा. जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात, तेव्हा दिवसाचाही भरवसा नाही. स्वतःची गाडी नेणार असाल तर सीमेवर "भन्सार" करावा लागतो. भन्सार म्हणजे जकात. गाडी किती दिवस राहणार, तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे आणि पावती जपून ठेवायची.

पैसे असतील तर दिल्लीहून विमान. जाताना डावीकडची खिडकी मागा, हिमालय त्या बाजूला दिसतो.

पैसे

दर पक्का आहे आणि १९९३ पासून तोच आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. तिथे भाव विचारला की आधी "आईसी की एनसी?" हे ठरवून घ्यायचं. आईसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. आमच्या सौ.ने काठमांडूच्या असन बाजारात आठशेची शाल घेतली आणि शंभराच्या आठ भारतीय नोटा मोजून दिल्या. दुकानदाराने भाव सांगितला होता एनसीत. म्हणजे शाल पाचशेची, आणि तीनशे आम्ही हसत हसत सोडून आलो. तेव्हापासून आमचा हिशेब ठरलेला: नेपाळी आकड्याला आठाने भागा, पाचाने गुणा. आठशे भागिले आठ शंभर, गुणिले पाच, पाचशे.

शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांबद्दलचे तिथले नियम बऱ्याचदा बदललेत. मधली काही वर्षं पाचशेची नोट बाळगणंच बेकायदा होतं. निघायच्या आठवड्यात ताजा नियम पाहून घ्या, पण शंभराच्या नोटांचं एक बंडल न्याच. त्यांना कोणी नाही म्हणत नाही. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत आपल्या यूपीआयने पैसे देता येतात. फोनपे असं लिहिलेला क्यूआर दिसेल. नेपाळचं फोनपे आणि आपलं फोनपे या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, नाव ऐकून गोंधळू नका. डोंगरात नेट गेलं की क्यूआर भिंतीवरचं चित्र होतं, तेव्हा खिशात नेपाळी नोटा हव्यातच.

घड्याळ आणि तारीख

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. एवढंच ना, असं वाटतं. सीमेवर फोन कधी भारतीय टॉवर पकडतो, कधी नेपाळी. सातची बस आमच्या सातला पंधरा कमी असतानाच निघून गेली. हातातलं घड्याळ पुढे करा आणि फोनवर विसंबू नका.

तारखेचा घोळ त्याहून मोठा. तिथे सरकारी कामकाज, वर्तमानपत्रं, तिकिटं, सगळं विक्रम संवतात चालतं. २०२६ च्या एप्रिलच्या मध्यात तिथे २०८३ लागलं. संवत आपल्याला नवा नाही, पंचांगात रोज पाहतो. पण त्यांचे महिने सौर आहेत, २९ पासून ३२ दिवसांपर्यंतचे. म्हणून त्यांचा २ वैशाख म्हणजे आपली वैशाखातली द्वितीया नव्हे. बसचं तिकीट हातात पडलं की इंग्रजी तारीख विचारून पेनाने मागे लिहून ठेवा.

हॉटेलचा मालक एकदा म्हणाला, "बहत्तर सालच्या भूकंपात ही भिंत पडली." माझ्या मराठी डोक्यात बहात्तर म्हटलं की दुष्काळच येतो, म्हणून मी आपला १९७२ चं मनात धरून बसलो. तो २०७२ म्हणत होता, म्हणजे २५ एप्रिल २०१५. त्या दिवशी सुमारे नऊ हजार माणसं गेली. अजून कुठल्याही घरी बसलात की अर्ध्या तासात तो विषय निघतो.

सुट्टीचा वार शनिवार. त्या दिवशी बँका आणि कचेऱ्या बंद असतात आणि देवळं खच्चून भरतात.

पाट्या वाचणं

नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे विमानतळावर उतरल्या उतरल्या आपण धडाधड वाचत सुटतो. वाचता येणं आणि कळणं यात मजा आहे. "कोठा भाडामा" अशी पाटी गल्लोगल्ली दिसली तेव्हा आमच्यातल्या एका काकांनी, हिंदीतला अर्थ मनात धरून, बायकामंडळींना दुसऱ्या रस्त्याने वळवलं. कोठा म्हणजे खोली. खोली भाड्याने देणे आहे, एवढंच. "टोल" म्हणजे पैसे भरायचा नाका नव्हे, मोहल्ला. "ढोका" म्हणजे दार, त्यात धोका काही नाही. "पसल" म्हणजे दुकान, आणि औषधाचं दुकान "औषधि पसल". "खाजा घर" दिसलं म्हणून गोड खाजा मागू नका, ते नाश्त्याचं ठिकाण. "मासु" म्हणजे मटण-चिकन, कुठलंही मांस. मासे हवे असतील तर "माछा". आणि जेवताना कोणी "मिठो छ?" विचारलं तर मीठ जास्त झालंय का असं तो विचारत नाहीये. चवदार झालंय का, असं विचारतोय. मिठाला "नुन" म्हणतात.

काही शब्द मात्र सरळ आपलेच. "कति?" म्हणजे किती. एवढा एक शब्द घेऊन मी अख्खं असन फिरलो.

आणि हो, काठमांडूला लागूनच ललितपूर आहे. आपल्या झाशी-बीना लाइनवरचं ते नव्हे. पाटण म्हणतात तेच ते.

इतिहास, निदान एवढा

नेपाळ इंग्रजांच्या राज्यात कधीच नव्हतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं वागणं सुधारतं. "तुमचा स्वातंत्र्यदिन कधी?" हा प्रश्न तिथे विचारायचा नसतो. गोरखा या छोट्या राज्याच्या पृथ्वीनारायण शाहने १७६८-६९ मध्ये काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही मल्ल राजांची तीन शहरं जिंकली, आणि त्यातून आजचं नेपाळ उभं राहिलं. इंग्रजांशी युद्ध झालं, १८१६ च्या सुगौलीच्या तहात बराच मुलूख गेला, पण राज्य टिकलं. १८४६ मध्ये जंगबहादुर राणाने दरबारातल्या विरोधकांची कत्तल करून सत्ता घेतली. पुढे १९५१ पर्यंत राजा नावाला आणि राणा पंतप्रधान खरे मालक, असा कारभार चालला. १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध. १ जून २००१ ला राजवाड्यात राजा बीरेंद्रसह राजकुटुंबाचं हत्याकांड. २८ मे २००८ ला राजेशाही संपून प्रजासत्ताक आलं, आणि सध्याची राज्यघटना २० सप्टेंबर २०१५ ची. सरकारं भराभर बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात संसद भवन आणि सिंहदरबार, म्हणजे सरकारी सचिवालय, जळाले, पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. जाण्याआधी त्या आठवड्यात कुठे "बन्द" पुकारलाय का, हे वर्तमानपत्रात बघून घ्या. बन्दच्या दिवशी बस मिळत नाही.

आता आपल्या गावाचा धागा. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आपण रोज जाता-येता पाहतो. १८५८ च्या जूनमध्ये राणी इथे पडल्या, आणि त्यानंतर वर्ष व्हायच्या आत नानासाहेब पेशवे माणसांसह नेपाळच्या तराईत शिरले. लखनौच्या बेगम हजरत महलही तिकडेच गेल्या. त्यांची कबर काठमांडूच्या जामे मशिदीजवळ आहे. त्याच जंगबहादुराने लखनौ जिंकायला इंग्रजांना गोरखा फौज दिली होती आणि बदल्यात १८६० मध्ये तराईचा पश्चिमेकडचा पट्टा परत मिळवला. आश्रय देणारा आणि शत्रूला फौज देणारा माणूस एकच होता.

शिंद्यांची सोयरीक तर सगळ्यांना ठाऊक आहे. राजमाता विजयाराजेंचं आजोळ राणा घराण्यातलं, माधवराव शिंद्यांच्या पत्नी माधवीराजे नेपाळच्या राणांकडच्या, आणि माधवरावांची बहीण उषाराजे तिकडे राणांकडे दिलेली. पहिल्या खेपेला मी हे मोठ्या कौतुकाने टॅक्सीवाल्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग आरशात बघत म्हणाला, राणांच्या वेळी माझ्या आजोबांच्या गावात शाळा नव्हती. पुढचा रस्ता आम्ही गप्पच बसून गेलो. आपल्या महाराज बाड्यावर जी गोष्ट मिरवायची, ती तिथे मिरवायची नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

बोलणं

हॉटेलातल्या पोऱ्याला, दुकानदाराला "ए बहादुर" म्हणू नका. आपल्याकडे चौकीदाराला म्हणायची सवय असते, तीच तोंडून निघते. आमच्या एका काकूंनी म्हटलं तर त्या मुलाने चहा ठेवला, स्वतःचं नाव सांगितलं आणि तेवढंच बोलून गेला. काकू दिवसभर ओशाळल्या होत्या. मोठ्या पुरुषाला "दाइ", मोठ्या बाईला "दिदी", लहानांना "भाइ" आणि "बहिनी". आपल्या दादा-ताईसारखंच. हिंदी बहुतेकांना कळते, पण हिंदीतलं "तुम" त्यांच्या कानाला उद्धट लागतं. "आप"च म्हणा, निदान सुरुवातीला "नमस्ते दाइ" तरी म्हणा. त्यांच्याकडे तँ, तिमी, तपाईं, हजुर अशा आदराच्या पायऱ्या आहेत, आणि अनोळखी माणसाशी तपाईंच्या खाली उतरत नाहीत.

"तुम्ही आमचेच की हो" हेही टाळा. प्रेमाने म्हटलेलं असलं तरी. २०१५ च्या शेवटी काही महिने सीमेवर ट्रक अडले होते, तेव्हा स्वयंपाकाचा गॅस मिळाला नाही याची आठवण तिथे घराघरात आहे. राजकारण निघालंच तर ऐका. उत्तर देऊ नका.

पशुपतिनाथ

मुख्य देवळात फक्त हिंदूंना प्रवेश. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवायचं, आत फोटो काढायचा नाही. देवळाला चार दरवाजे आणि लिंगाला चार मुखं, तेव्हा रांग कुठल्याही दाराची असली तरी दर्शन होतंच. मुख्य पुजारी भट्ट म्हणवतात आणि ते परंपरेने दक्षिण भारतातून येतात. देवळालगत बागमती आणि काठावर चिता पेटलेल्या. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा. पलीकडच्या पायऱ्यांवर बसून लोक ते तासन्‌तास बघतात, पण कॅमेरा रोखू नका. कोणाचा तरी बाप जळत असतो.

आपली हरितालिका तिथे तीज. लाल साड्या नेसलेल्या हजारो बायका त्या दिवशी पशुपतिनाथाला येतात. बायकांनी मुद्दाम ती तिथी गाठावी. पुरुषांनी त्या दिवशी दुसरीकडे जावं. पाटणला जा, उदाहरणार्थ. नवनाथांच्या कथा घरात ऐकल्या असतील तर रातो मच्छिंद्रनाथाचं देऊळ सोडू नका. कथा ओळखीची आहे आणि तिथेही बोटभर सरकलेली: गोरखनाथ नागांवर आसन घालून बसले, बारा वर्षं पाऊस नाही, मग गुरू मच्छिंद्राला कामरूपाहून आणलं. गुरू समोर आले तसे गोरख उठले आणि नाग सुटले. म्हणून मच्छिंद्र हा तिथे पावसाचा देव. बौद्ध त्यालाच करुणामय म्हणून पूजतात, आणि उंच वेताचा रथ दोघे मिळून ओढतात.

दरबार चौकांना, म्हणजे जुन्या राजवाड्यांपुढच्या चौकांना, तिकीट आहे. सार्क देशांच्या लोकांना कमी दर पडतो, पण ओळखपत्र दाखवलं तरच.

जेवण

शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करावा: "बफ". म्हणजे म्हशीचं मांस. गाय राष्ट्रीय प्राणी आहे, तिची हत्या कायद्याने गुन्हा. म्हैस चालते, आणि मोमोत बहुधा तीच असते. नुसतं "मोमो" मागितलंत तर काय येईल याची खात्री नाही. "भेज मोमो" म्हणा.

घरगुती जेवण म्हणजे दाल, भात, तरकारी. सकाळी दहाच्या सुमारास पहिलं आणि संध्याकाळी सात-आठला दुसरं. मधे खाजा. आपलं एकचं जेवण शोधत फिराल तर भात संपलेला असतो. ताटात पुन्हा पुन्हा वाढतात, आग्रहाने वाढतात, आणि थांबवायचं असेल तर म्हणायचं "पुग्यो". पोचलं, पुरलं. लोणच्यात जीभ बधिर करणारा दाणा लागला तर घाबरू नका. तो टिम्मुर, आपल्या कोकणातल्या तिरफळाचा भाऊबंद. भक्तपूरला मातीच्या वाडग्यात "जुजु धौ" मिळतं, दह्यांचा राजा. सराफ्यातल्या रबडीची शपथ घेऊन सांगतो, एक वाडगा पुरत नाही.

दशैंच्या दिवसांत, म्हणजे आपल्या घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत, जायचं तर दोन गोष्टी ठाऊक हव्यात. सगळा देश गावी निघालेला असतो, बस मिळत नाही. आणि अष्टमी-नवमीला देवीपुढे बळी देतात, देवळाच्या अंगणात. ज्यांना बघवत नाही त्यांनी ते दोन दिवस पोखऱ्यात तळ्याकाठी काढावेत.

पोखरा आणि मुक्तिनाथ

पोखऱ्याहून समोर दिसतो तो माछापुछ्रे, ६,९९३ मीटर, माशाच्या शेपटीसारखा. तो चढायला बंदी आहे. उजाडताना बघा, नऊनंतर ढग येतात.

देवघरातला शाळिग्राम जिथून येतो ती काली गंडकी मुक्तिनाथाच्या वाटेवर आहे. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. म्हाताऱ्या माणसाला घेऊन पोखऱ्याहून थेट वर जाऊ नका, वाटेवरच्या जोमसोमला एक रात्र थांबा. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना पोखऱ्यातच काढून घ्या. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात, दुपारी दरीत वारा सुटतो. सकाळचं चुकलं किंवा रद्द झालं तर तो दिवस गेला, म्हणून परतीच्या गाडीच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा. देवळामागे १०८ गोमुखं आहेत, पाणी बर्फाचं. आमच्यातल्या तिघांनी सगळ्यांखाली डोकं घातलं आणि रात्रभर कुडकुडले. मी तीर्थ हातावर घेतलं.

परतताना उरलेल्या नेपाळी नोटा भैरहव्यातच बदलून टाका. गोरखपूरपुढे त्या कोणी घेत नाही. आणि कमान ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं मागे.